पंधरा मिनिटं

विट्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा
माझ्या मनगटावर सव्वासात
आणि चौकशीच्या खिडकीवर सात.
काठमांडू, सुनौली, गोरखपूर, पुणे,
तीन दिवस बूड दुखवून
बिनजकातीचं आणलं ते एवढंच:
पंधरा मिनिटं.
तिथंच काटा मागं घेतला.

वडापात बजरंग भेटला, दुबईवाला.
त्याच्या बॅगेला विमानाची चिठ्ठी
दिवाळीपासून लोंबतीय, काढत नाही.
"तू बी फॉरेनलाच न्हवं? दाव की पासपोर्ट."
लागत नाही म्हणालो.
एक कमान आहे, तिच्याखालनं चालत जायचं,
पलीकडं गेलं की चहाचे पैसे बदलतात.
"मग कसलं रं फॉरेन!"
अख्खी जीप हसली. मीही हसलो,
पळशी येईस्तोवर जरा जास्तच.

शिक्का नसलेला माझा परदेश
एकोणीस वर्षं जुना आहे.
आसनच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, भट्टी.
सोनारांच्या दुकानातली झाडलोट विकत घ्यायची,
राख, केस, पानाच्या पिचकारीची धूळसुद्धा,
टाकणखार टाकून मुशीत आटवायची,
तेजाबानं धुवायची
आणि तळाशी काही चमकतंय का बघत बसायचं.
गलाई. आमच्या खानापूर तालुक्यात
मिसरूड फुटायच्या आत हात भाजून घेतात पोरं.

तिथं मला 'मराठी दाइ' म्हणतात.
शनिवारी सुट्टी आणि रविवारी काम,
हे अंगवळणी पडायला चार वर्षं लागली.
आपली पाचशेची नोट आतल्या खिशात दडवायला
चार मिनिटं.

भूकंपाच्या साली सरहद्दीवर ट्रक अडले,
शहरातला गॅस संपला.
पूर्णमान शाक्यच्या बायकोनं
पडलेल्या घराची नक्षीची खिडकी फोडून
चुलीत घातली, भात शिजवला,
पहिलं ताट मला वाढलं
आणि वाढता वाढता म्हणाली,
तुमच्या देशाला सांगा ना जरा.

मला म्हणाली.
ज्याचं नाव आदल्याच वर्षी
रेशनकार्डावरनं खोडलं होतं,
'कायम बाहेरगावी' असा शेरा मारून.
भट्टी गार होती.
भाताला सागवानासारखा कसलातरी वास होता.
मी खाल्ला सगळा. काय बोलणार?

घरी आलो. शालननं चहा टाकला.
स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढं गेलेलं दिसलं.
घरात काहीतरी दुरुस्त करावं
अशी हुक्की येते आलेल्या माणसाला,
चढलो स्टुलावर, काटा बरोबर केला,
सेल बदलला पाहिजे असंही म्हणालो.
ती काही बोलली नाही.

रात्री हात धुऊन आत आलो तर
पदर खोचून शालन स्टुलावर,
काटा पुन्हा पुढं सारत होती.
"ह्याला हात लावायचा न्हाई.
ह्याच्यावर तुमी जेवता.
ह्याच्यावर तुमची भट्टी इझती,
मग मी दिवा घालवते."
खाली उतरली, स्टूल भिंतीला लावलं
आणि दूध मांजरापासनं झाकलं.

मी उभा.
माझ्या मनगटावर विट्याची वेळ.
आपल्याच चुलीपाशी
पंधरा मिनिटं मागं पडलेला.

सकाळी धाकटी, आर्या, वेणीला रिबीन बांधत होती.
तिला म्हटलं, घड्याळात तर साडेआठ झाले,
शाळेची गाडी गेली असेल तुझी.
तिनं वर बघितलंसुद्धा नाही.
"आईच्यातनं पंधरा वजा करायचे, पप्पा,"
म्हणाली, दप्तर उचललं, चपला शोधल्या.

आणि खरंच,
ती फाटकापाशी पोचली तेव्हा
वळणावर हॉर्न वाजला.